वाफ्याचा कोपरा

मीठ उन्हाने पिकतं, असं आमच्या शाळेच्या पुस्तकात छापलं होतं. लिहिणाऱ्याने उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या, दुसरं काय! ऊन तर सगळ्याच गावांवर पडतं. मीठ पिकतं ते वाफ्याच्या तळावर. पावसाळाभर पाण्याखाली राहून तो तळ पार मऊ झालेला असतो. तो पायांनी मळायचा, दाबायचा, पुन्हा मळायचा, इतका की वर सोडलेलं खाडीचं पाणी खाली जिरू नये, तिथल्या तिथे उन्हात आटावं. ही मळणी दिवाळीच्या सुमारास सुरू होई आणि पुढे मोसमभर, जिथे तळ सैल पडेल तिथे, पुन्हा पुन्हा करावी लागे. बाहेरच्या लोकांना फक्त उन्हाळ्यातल्या पांढऱ्या राशी दिसत. त्या राशी बघून आम्हाला कधी आनंद झाल्याचं मला आठवत नाही. पाय दुखत, तेवढं आठवतं. आता डॉक्टरांनी माझं मीठ बंद केलं आहे. सून अळणी आमटी वाढते आणि मी मुकाट्याने जेवतो. ज्या घराने मिठाच्या पाण्यात पायांची कातडी घालवली, त्या घरातल्या माणसाला म्हातारपणी चिमूटभर मीठ मिळू नये, यात काही न्याय असेल तर तो मला अजून समजलेला नाही.

आमचं घर खाडीच्या बांधाला लागून होतं. कुडाच्या भिंती, वर पेंढा. भरतीच्या वेळी पाणी उघाडीच्या फळ्यांवर धडका देई; उघाडी म्हणजे बांधात बसवलेली लाकडी दारं, ती उचलली की खाडीचं पाणी आत येई. तो धप्प धप्प आवाज ऐकतच मी मोठा झालो. सकाळी पेज, दुपारी तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण, चिखलात निवट्यांसारखी मासळी सापडली तर त्या दिवशी घरात सण. मिठागर शेठचं, वाफे आम्ही हिश्शाने करायचो. राशीवर सरकारी पहारा. मूठभर उचललं तरी शिपाई हटकायचा. मिठावरून त्या काळात देशभर केवढी खळबळ झाली, ती मी पुढे मुंबईत गेल्यावर वाचली. आमच्या घरात तेव्हा मिठाविषयी एकच बोलणं चाले: कोणाच्या पायाला कुठे चीर पडली, आणि त्यात गरम तेल कोणी सोडायचं.

घरात बाबा, आई, धाकटे नामाकाका, मी आणि हिरूआत्या. आत्या बाबांची धाकटी बहीण. लहानपणीच लग्न झालं आणि नवऱ्याचं तोंड नीट बघण्याआधीच तो पटकीने गेला, म्हणून ती माहेरी परत आली. मला आठवतं तेव्हापासून ती घरातच होती, चुलीशी नाहीतर चिखलात. बोलायला फटकळ, पण लहान मुलांशी खेळायला कायम तयार. मोसम सरताना ती वाफ्यातून मिठाचा एखादा टपोरा दाणा निवडून माझ्या तळव्यावर ठेवी. चौकोनी, सहा बाजूंनी सारखा, जणू कोणी सुतारानेच तासला आहे. मग मी डोळे मिटायचे, तिने तो दाणा फिरवायचा किंवा तसाच राहू द्यायचा, आणि मी ओळखायचं.

"आता सांग. फिरवला का न्हाय?"

"फिरवलास."

"हात नाय लावला! मेल्या, डोले हायेत का भोकां?"

दुसऱ्या वेळी मी ‘नाही फिरवला’ म्हणे, तर तिने फिरवलेला असे. मी नेहमी हरायचो, कारण तो दाणा कसाही फिरवला तरी पहिल्यासारखाच दिसायचा. ती खोटं बोलते असा मला दाट संशय होता, पण पुरावा कसा आणणार?

मळणीची आमची रीत अशी होती. सहा-सात माणसं एका रांगेत, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून उभी राहत. रांगेचं एक टोक वाफ्याच्या कोपऱ्यात, दुसरं बांधाला लागून पार पलीकडे. मग सगळी रांग पाय आपटत फिरे, घराचं दार बिजागरीवर फिरावं तशी, एका बांधापासून शेजारच्या बांधापर्यंत. टोकाच्या माणसाला जवळजवळ धावावं लागे. कोपऱ्यातल्या माणसाने जागच्या जागी पाय चालवत वळायचं. एक कोपरा झाला की रांग दुसऱ्या कोपऱ्याला, तिथून तिसऱ्याला. टोकाला बाबा. सगळी रांग तिथून दिसते, म्हणून हाळी द्यायचं काम त्यांचं: "फिरू द्या रं, फिरू द्या!" आणि कोपऱ्याला आत्या, नेहमी आत्या. कोपरा बाईमाणसाचा आणि टोक मुकादमाचं, असं ठरूनच गेलं होतं. मजुरीवर येणारी माणसं रांगेत कुठेही उभी राहत, पण कोपरा धरत नसत. एकाच जागी पाय चालवल्याने तिथला खारा चिखल पोटरीपर्यंत येई आणि टाचांना अशा भेगा पडत की रक्त निघे. आत्याला कोणी कधी विचारलं नाही. ती आपली जाऊन उभी राहायची.

मी मॅट्रिकच्या वर्गात गेलो, त्या सालच्या चैत्रात मीठ भरायला एक मचवा आमच्या बंदराला लागला. त्यावर धर्मा नावाचा आमच्याच जातीचा माणूस होता. मूळचा इकडचाच, पण आता तिकडे नबाबाच्या हद्दीत आगरदांड्याला राहायचा आणि एरवी दिघीला जाणारी तर, म्हणजे उतारूंची होडी, वल्हवायचा. बायको वारलेली, मूलबाळ नाही. मीठ भरेपर्यंत तो आमच्याकडे जेवायला येई. जाताना त्याने नामाकाकांमार्फत विचारलं, हिरूला म्होतूर लावून द्याल का? म्होतूर म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. आमच्यात ते चालत होतं, लपवाछपवीचं काही नव्हतं. आत्याने हो-नाही काहीच म्हटलं नाही, पण त्या दिवशी तिने कालवणात दोनदा मीठ घातलं, तेवढ्यावरून आईने ओळखलं. बाबा मात्र भाकरी तशीच ठेवून बसले.

"आनि कोपरा कोन धरल?" ते म्हणाले.

आई त्यांच्यासमोर सहसा बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "कोपऱ्यापायी बाय जलमभर चिखलान उभी राहाची कं? तुमची बहीन हाय का खुंटी हाय?"

बाबा उठून बांधावर गेले. वैशाखात आत्याचं म्होतूर लागलं. मला तिचा फार राग आला होता, हे इथे लिहायला हरकत नाही. घर एकदम मुकं झालं होतं.

मी तेव्हा तालुक्याच्या गावी शाळेत होतो, मॅट्रिकच्या वर्गात. आमच्या मिठागरातलं त्या वर्गापर्यंत पोचलेलं दुसरं कोणी नव्हतं. दिवाळीच्या सुटीत घरी आलो तेव्हा मळणी तोंडावर आली होती आणि घरात सगळे माझ्याकडे बघून नजर चुकवत होते. कारण उघड होतं. आईची कंबर गेलेली, मजूर कोपरा धरणार नाहीत, बाबा आणि काका ही गडीमाणसं, बाईच्या जागी कशी उभी राहणार? उरलो मी, अजून पोरसवदा. आणि कोपरा एकदा धरला की मोसमभर धरावा लागतो. शाळा सुटली ती सुटलीच. मला मॅट्रिक व्हायचं होतं, मुंबईला कॉलेजात जायचं होतं. पण त्या घरात पायाला भेग नसलेला मी एकटाच होतो. कोणत्या तोंडाने नाही म्हणणार?

बाबांनी तोड काढली. बाभळीची एक मेढ तासली, तिला दोराचा फास बांधला आणि ती कोपऱ्यात ठोकली. रांगेतल्या पहिल्या माणसाने फास धरायचा आणि रांगेने मेढीभोवती फिरायचं. एक कोपरा झाला की मेढ उपटून दुसऱ्या कोपऱ्यात.

"कोपऱ्याला काय, उभाच तं राहाचा हाय," बाबा म्हणाले. सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं, आणि मनातल्या मनात मी त्या मेढीला हात जोडले. मळणी झपाट्याने उरकली. वाफे आरशासारखे दिसत होते. बाबांनी उघाडी उचलून पाणी घेतलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. त्यांनी तसं पूर्वी कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाफ्यात पाणी नव्हतं. तळाला ओल होती, आणि चारी कोपऱ्यांत बोटभर रुंदीची भोकं. शेजारच्या वाफ्यात तेच, त्याच्या पलीकडे तेच. मेढीने काही दाबलं नव्हतं. ती नुसती उभी होती, आणि रांगेच्या ओढीने हलून हलून तिने भोवतालची माती उलट मोकळी केली होती. तिच्याजवळच्या हातभर जागेत कोणाचा पाय पडलाच नव्हता. इतकी वर्षं आत्या तिथे नुसती उभी राहते असं आम्ही सगळे समजत होतो. ती तिथे दिवसभर पाय चालवत असे, जागा न सोडता. नामाकाका भोकाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "हिरूला आनाला पायजे."

बाबांनी मला बरोबर घेतलं. त्याचा अर्थ मला कळत होता: मला बघून आत्या नाही म्हणणार नाही. रेवदंड्यापर्यंत पायपीट, तिथून खाडी ओलांडून पुन्हा पायपीट, मुरुडला ओळखीच्या कोळ्याच्या पडवीत मुक्काम, आणि सकाळी आगरदांडा. वाटेत बाबा एकदाच बोलले. "मोसमापुरती ये म्हनेन. पावसाआधी परत धाडीन." मी मान हलवली. ते बहुधा स्वतःलाच सांगत होते.

धक्क्याच्या वरच्या अंगाला नारळीत धर्माचं लहानसं घर होतं. आत्या अंगणात मासे साफ करत होती. आम्हाला बघून तिने सुरी टाकली, धावत आली आणि माझ्या डोक्याला माशांचे हात फासले. "वाळलास रं मेल्या! आयस काय घालत न्हाय कं?" मग आम्हाला बसवलं, पाणी दिलं, धर्माला बोलावून आणलं. तिचं बोलणं संपत नव्हतं. घरात विहिरीचं पाणी किती गोड, माड किती, दिघीच्या बाजारात बांगड्या किती छान मिळतात. बाबा ऐकत होते, पण त्यांची नजर खाली होती. मी तिकडे पाहिलं. ते तिचे पाय बघत होते.

तिच्या टाचा भरून आल्या होत्या. जुन्या भेगांच्या जागी फिकट रेघा तेवढ्या राहिल्या होत्या. आणि दोन्ही पायांत जोडवी होती. आमच्या घरी असताना तिची बोटं कायम सुजलेली असायची. या पायांत जोडवी मावू शकतात हे मला ठाऊकच नव्हतं. बाबांची नजर तिच्या लक्षात आली तशी ती लाजली आणि पाय लुगड्याखाली ओढून म्हणाली, "ह्यांनी केलीत. मी नको बोलत व्हते."

"बरी हायेत," बाबा म्हणाले.

तिने वरणभात आणि ताज्या मासळीचं कालवण वाढलं. बाबा पोटभर जेवले. दोनदा भात घेतला. मी घास चिवडत वाट बघत होतो, आता विचारतील, मग विचारतील. "वाफं कसं हायेत दादा?" आत्यानेच विचारलं. बाबा म्हणाले, "झ्याक." मग त्यांनी हात धुतला, धर्माशी तरीविषयी थोडं बोलले, आणि आम्ही निघालो. आत्या धक्क्याच्या वाटेपर्यंत आली. मला पुन्हा पुन्हा सांगत होती, पास हो, आणि मला जवळ घेताना तिला रडू आलं. मलाही आलं, पण माझं कारण वेगळं होतं. कोपऱ्यात कोण उभं राहणार हे आता ठरलं, असं मी धरून चाललो होतो.

घरी पोचल्यावर आईने एकदा आमच्या मागे बघितलं, कोणी नाही असं पाहून कपाळावर हात मारला. "ताकाला गेलाव नि भांडं लपवून आलाव!"

सकाळी फुटलेल्या वाफ्यांची मळणी पुन्हा धरली. मजूर आले, रांग लागू लागली. मी धोतर वर खोचलं आणि कोणी सांगायची वाट न बघता कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. चिखल थंडगार होता. पायाखाली तो जरा दबतो, मग थांबतो, हे पहिल्यांदा मला कळलं. तेवढ्यात बाबा आले. त्यांनी माझा दंड धरला आणि मला चिखलातून बाहेर ओढलं. जोरात, दंडावर बोटं उमटतील असं.

"टोकाला जा," ते म्हणाले.

"बाबा, हाळी तुमची..."

"टोकाला जा बोल्लो ना! टोकाच्याला धावाला लागतं. तुझं पाय हायेत धावाचं."

आणि ते स्वतः कोपऱ्यात उतरले. मजुरांपैकी एक हसला. बाबांनी त्याच्याकडे बघितलं तसा तो गप्प झाला. मी टोकाला गेलो. हाळी नामाकाकांनी दिली. रांग फिरली. मी धावत होतो, आणि धावताना मान वळवून बघत होतो. पलीकडे कोपऱ्यात बाबा खाली मान घालून पाय चालवत होते, जागच्या जागी, अगदी आत्यासारखे. गावात पुढे बरेच दिवस त्यांची टिंगल चालली. सुटी संपली तसा मी शाळेत परत गेलो, पास झालो, आणि पावसाच्या तोंडावर मुंबईला आलो.

कॉलेजातली एक गोष्ट तेवढी सांगतो. एक सर होते, किडकिडीत, कोटाच्या बाह्यांना कायम खडू लागलेला. स्फटिक शिकवताना त्यांनी आमच्या हातांत सहाही बाजूंनी सारखे लाकडी ठोकळे दिले आणि म्हणाले, समोरच्याला डोळे मिटायला सांगा. ठोकळा असा फिरवा की डोळे उघडल्यावर तो फिरवला हे त्याला कळू नये. मी ठोकळा हातात धरून नुसताच बसून राहिलो. आत्या खोटं बोलत नव्हती तर! अशी किती फिरवणी निघतात ते सरांनी मोजून दाखवलं: मुळीच न फिरवणं धरून चोवीस. "आता एक कोपरा चिमटीत धरा. तो जागचा हलता कामा नये. आता किती?" तीन. तीच तीन एकामागून एक, कशीही केली तरी कोपरा जागेवरच राहतो. त्यांचं आपसातलं एक लहानसं कुटुंबच. कोपरे आठ, एकेकाला तीन, आठ त्रिक चोवीस. मग त्यांनी नियम सांगितला. ज्याला जायला जागा जास्त, त्याला जागेवर ठेवणारी फिरवणी कमी. आणि जो कुठेच जात नाही, ठोकळ्याच्या पोटातला मध्य, त्याला चोवीसच्या चोवीस फिरवणी जागेवर ठेवतात.

मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "म्हणजे धरलेला कोपरा काही करत नाही, सर." सरांनी त्याच्या ठोकळ्याच्या कोपऱ्याला एका बाजूने शाईचा ठिपका लावला आणि ठोकळा फिरवला. ठिपका कोपऱ्याभोवती सरकला. "जागा सोडत नाही, एवढंच," सर म्हणाले. "फिरतो तोही." माझे डोळे भरून आले. शेजारच्याने विचारलं, खडू गेला का? मी हो म्हटलं. हाच धडा पुढे नोकरीभर मी फळ्यावर लिहिला. शेवटच्या वर्षांत लिहिताना कंटाळा येई, खांदा दुखे, मुलं जांभया देत. पण कोपऱ्यापाशी आलो की माझा खडू थोडा थांबायचा, आणि मुलांना वाटायचं सर विसरले.

कॉलेजातल्या पहिल्या वर्षी शिमग्याला मी घरी आलो आणि आत्याही माहेरी आली. ती येणार म्हटल्यावर बाबा सकाळपासून पायांवर घोंगडी घेऊन बसले होते. थंडी वाजते म्हणाले. अंगणात ऊन तापलं होतं. आत्या आली, आईच्या गळ्यात पडली, मला कॉलेजाचं विचारलं, आणि मग बाबांच्या पाया पडायला वाकली. घोंगडी तिने सहज बाजूला केली.

टाचा फाटल्या होत्या. एका बोटाचं नख गेलं होतं. त्या भेगा तिला कोणी समजावून सांगायला नको होत्या. ती तशीच खाली बसली. मग तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं, आणि बाबांकडे वळली.

"दादा, तू मना आनाला आयला व्हतास ना तवा?"

बाबांनी पाय ओढून घ्यायला बघितलं.

"न्हाय गो," ते म्हणाले. "मी जेवाला आयलो व्हतो."

आत्याने पाय सोडला नाही. आईला तिने तेल तापवायला सांगितलं.